वीट पडायला लागणारा वेळ

ड्रायव्हरने गुन्हा कबूल करायचं ठरवलं होतं. त्याला कोणी दमदाटी केली नव्हती की कोणी आमिष दाखवलं नव्हतं. त्याने फक्त स्वतःचा व्हिडिओ पाहिला होता. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस, गाडीला कधी साधा ओरखडा नाही, आणि त्या व्हिडिओत त्याची बस भर वस्तीतल्या रस्त्यावरून अशी सुसाट येत होती की बघणाऱ्याने मागे सरावं. गल्लीतून एक स्कूटरवाला बाहेर येतो, बस त्याला उडवते, खेळ खलास. स्कूटरवाला वाचला हे नशीब, पण त्याच्या पायाची अशी काही वाट लागली होती की इतक्या महिन्यांनीही कुबडी सुटली नव्हती.

वकीलबाई ड्रायव्हरला घेऊन प्रयोगशाळेत आल्या. बरोबर त्याची बायकोही होती. खुर्चीत ऐसपैस बसायचीही आपली लायकी नाही अशा बेताने तो कडेला टेकला, आणि टेबलाकडे बघत बोलायला लागला.

“मॅडम, माझ्या आठवणीत मी हळू होतो. ब्रेकही मारला होता. पण व्हिडिओत दिसतंय ना. मग माझी आठवणच खोटी असणार.”

आपला नवरा असा बेफाम गाडी चालवेल यावर बायकोचा आधी विश्वास नव्हता, पण कोर्टात तो व्हिडिओ तिनेही पाहिला होता, आणि त्या दिवसापासून ती घरात कामापुरतंच बोलत होती. हे सगळं वकीलबाईंनी सांगितलं, तेही त्या दोघांना बाहेर चहाला पाठवून. वकीलबाईंना फार आशा नव्हतीच. व्हिडिओत कुठे बोट घालायला जागा आहे का तेवढं बघा, म्हणाल्या, नाहीतर पुढच्या तारखेला कबुली देऊन टाकतो, तुरुंगवास थोडा कमी तरी होईल.

ज्या बाईपुढे हे चाललं होतं तिला तिच्या धंद्यात सगळे शंकासुर म्हणतात. कॅमेऱ्यात, फोनमध्ये, रेकॉर्डरमध्ये सापडलेली चित्रं आणि आवाज कोर्टात पुरावा म्हणून उभे राहतात, तेव्हा त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा हे तपासून सांगणं हे तिचं काम. नाव पडलं ते ही विद्या शिकत असताना. सरांनी फळ्यावर एक ओळ लिहायचा अवकाश, हिचा हात वर. एकदा सर खडू टेबलावर आपटून म्हणाले, आली शंकासुर. वर्ग खो खो हसला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हिला ते नाव मनातून आवडायचं. कारण तास संपला की सर इतरांना वाटेला लावायचे आणि हिच्या शंकेवर हिच्याशी तासभर वाद घालत बसायचे. असे गुरू मिळायला भाग्य लागतं, आणि ते आपल्याला मिळालं असं ती ज्याला त्याला सांगायची.

आता गोम अशी की ड्रायव्हरच्या विरोधातला अहवाल याच सरांचा होता. दोन विजेच्या खांबांमधलं अंतर त्यांनी जागेवर जाऊन मोजलं होतं, बसला ते कापायला किती वेळ लागला हे व्हिडिओवरून काढलं होतं, आणि वेग लिहून खाली सही ठोकली होती. वेग मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होता. सर कोर्टात आले की न्यायाधीशसुद्धा जरा सावरून बसायचे, असा त्यांचा दरारा. त्यांच्या अहवालावर शंका घ्यायची म्हणजे काय खायचं काम नव्हतं.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे समोरच्याचं माप नजरेने घ्यायची सवय होती आणि मत द्यायला त्या कधी लाजत नसत. तुझे सर देवमाणूस असतील, म्हणाल्या, पण वय झालं की देवमाणसालाही चष्मा लागतो. बघ तर खरं. ती म्हणाली, आई, सरांचं चुकलंय असं मी म्हटलेलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, मग चेहरा कशाला असा पाडून बसली आहेस.

शंकासुरची काम करायची एक पद्धत होती, आणि तिच्यावरून तिची यथेच्छ टिंगल व्हायची. ती चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घ्यायची, त्याला एक काडी चिकटवायची, आणि व्हिडिओत ज्याच्यावरून भांडण चाललंय तेच नेमकं पुठ्ठ्याने झाकायची. बस पुढे सरकली की पुठ्ठाही पुढे. लोक विचारायचे, बाई, जे बघायचं तेच झाकलंत तर बघताय काय? तिचं म्हणणं असं की आरोपीकडे सगळं जग बघत असतं, त्यात आपली भर कशाला. बाकीच्या चित्रात काय चाललंय याची कोणालाच पडलेली नसते, तिथे बघावं.

तर तिने बस झाकली आणि रस्ता बघितला. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. रस्त्यासारखा रस्ता. मग एक म्हातारी दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी, आणि ती अशी तुरुतुरु चालली होती की काठीची गरजच काय असं वाटावं. मग दिसला दुकानाची पायरी झाडणारा माणूस. झाडू नुसता भिरभिरत होता. एवढ्या उत्साहाने दुकान झाडणारा माणूस तिने तरी जन्मात पाहिला नव्हता. कडेला एक कुत्रं मागच्या पायाने कान खाजवत होतं, आणि त्या पायाचा नुसता धूसर पट्टा दिसत होता. कोणालाही गाडी गाठायची नव्हती की कोणाच्या मागे कोणी लागलं नव्हतं, तरी सगळ्या रस्त्याला घाई झाली होती.

पुठ्ठा तिने खाली ठेवला आणि उठून एक चक्कर मारून आली.

व्हिडिओ म्हणजे काय, तर एकामागून एक भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. ज्या चष्म्याच्या दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याने हे टिपलं होतं, तसल्या दुकानांमधले स्वस्तातले रेकॉर्डर जागा वाचवायला सेकंदाला बारा-तेराच चित्रं घेतात. त्यांची फाईल त्यांच्या त्यांच्या प्लेयरशिवाय कुठे उघडत नाही. मग पोलिसांतला संगणक सांभाळणारा माणूस वैतागतो आणि तिचं रूपांतर करून टाकतो, म्हणजे ती कोणत्याही कॉम्प्युटरवर चालते. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मूळ फाईलला विचारायला जात नाही की बाई गं, तुझा वेग काय. ते आपलं नेहमीचं धरून चालतं, सेकंदाला पंचवीस. बारा-तेरा चित्रांचा सेकंद पंचविसाच्या हिशोबाने दाखवला की अर्ध्या सेकंदात संपतो. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे असते तर लगेच कळलं असतं, पण ते आकडे मूळ फाईलमध्ये वेगळे ठेवलेले असतात आणि रूपांतरात गळून पडतात. सरांच्या हातात आली ती अशी फाईल. तिच्या माहितीत लिहिलेलं होतं पंचवीस, सरांनी पंचवीस धरले, आणि पुढचं गणित अगदी चोख केलं.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. साध्या माणसाने व्हिडिओ बघून, बस जोरात होती बुवा, एवढंच म्हटलं असतं, आणि त्याच्या म्हणण्यावर कोणी कोणाला तुरुंगात टाकत नाही. चित्रं मोजून वेग काढणाऱ्या माणसालाच हा खड्डा लागतो, आणि तो पडला की त्याच्याबरोबर सगळं कोर्ट पडतं.

हे सगळं अर्थात झालं तिच्या डोक्यात. हातात काय होतं? तिने मूळ फाईल मागितली. पोलिसांनी काखा वर केल्या, रूपांतर झाल्यावर ती ठेवतो कोण. दुकानात गेली तर दुकानदाराने रेकॉर्डर कधीच भंगारात घातला होता आणि वर तिलाच नवा कॅमेरा कोणता चांगला ते विचारत बसला. वकीलबाई मात्र उड्या मारायला लागल्या. म्हातारी दाखवू, कुत्रं दाखवू, म्हणाल्या, काम फत्ते. शंकासुरने मान हलवली. म्हातारी चटपटीत असू शकते, कुत्र्याला गोचीड चावलेली असू शकते. समोर सर बसणार होते. त्यांनी या म्हातारीचा पहिल्या प्रश्नात निकाल लावला असता. तिला त्या चित्रातच एक घड्याळ हवं होतं, असं घड्याळ, की जे कोणाच्या सांगण्याने मागेपुढे होत नाही.

ते सापडायला तिचे किती दिवस गेले ते विचारू नका. डोळे लाल झाले, मुलगी तिला शाळेच्या सहलीबद्दल काय सांगत होती ते दोनदा डोक्यावरून गेलं, नवऱ्याने जेवताना समोर हात हलवून बघितला. आणि मग एका दुपारी चित्राच्या अगदी डाव्या कडेला, जिथे कोणी ढुंकूनही बघितलं नसतं, तिथे वरून काहीतरी खाली आलं. थोड्या वेळाने परत आलं. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीची जुनी भिंत फोडायचं काम चाललं होतं, आणि तिथला मजूर सुट्या झालेल्या विटा एकेक करून खाली दोरी बांधून ठेवलेल्या जागेत सोडत होता.

ती मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी घाबरून उठला. वीट वरून सोडली की ती कशी पडायची हे पृथ्वी ठरवते, आणि पृथ्वी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पोलिसांचं नाही, बस कंपनीचं नाही, सरांचंही नाही. तिसऱ्या मजल्यावरून वीट जमिनीवर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो, त्या दिवशीही तेवढाच लागला होता. तो वेळ माहीत असला की बसचा वेळ आपोआप कळतो.

माप घ्यायला ती नवऱ्याला घेऊन गेली. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, डोंगरदऱ्यांबद्दल तासन्‌तास बोलतो, पण स्वतः स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं की त्याचे हातपाय गार पडतात. त्यालाच तिने तिसऱ्या मजल्यावर टेपचं टोक धरायला पाठवलं, कारण खालचे आकडे तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. घरमालकीण दारातच आडवी आली. गॅलरीची परवानगी आहे, कर भरलाय, तक्रार कोणी केली ते आधी सांगा. नवऱ्याने सांगितलं की परवानगीचं काही नाही, इथून एक वीट पडली होती तिच्याबद्दल आलोय. त्या बाई म्हणाल्या, वीट पडली त्याला वर्ष होऊन गेलं, आता उचलायला आलात? शेवटी कोर्टाचा कागद दाखवला तेव्हा आत घेतलं, आणि मग मात्र नवऱ्याचा रंग बघून त्यांनीच त्याला मागून सदऱ्याला धरून ठेवलं. प्रत्येक मजल्याची कड, प्रत्येक खिडकीचा उंबरा, सगळं तीनतीनदा मोजलं. खाली उतरल्यावर नवरा म्हणाला, पुढच्या वेळी लग्न तळमजल्यावरच्या गुन्ह्यांवर काम करणाऱ्या बाईशी करीन.

गणित जमलं. नुसतं जमलं नाही, प्रत्येक विटेला जमलं. व्हिडिओतली वीट खऱ्या विटेच्या निम्म्याच वेळात जमिनीला लागत होती. म्हणजे बसलाही खांब ते खांब जायला सरांच्या आकड्याच्या दुप्पट वेळ लागला होता. म्हणजे बसचा वेग निम्मा होता, मर्यादेच्या आत. ड्रायव्हरची आठवण खरी होती. तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे वकीलबाईंना फोन लावला, आणि कबुलीबिबुलीचं नाव काढाल तर याद राखा असं चक्क धमकावलं.

आनंद ओसरल्यावर तिला सर आठवले. अहवाल कोर्टात दाखल होणार, त्याची प्रत सरकारी वकिलाकडे जाणार, तिथून सरांकडे. ते वाचणार. तिला वाटलं, वाचल्यावर फोन येईल, सर आपल्या खास आवाजात म्हणतील, आली शंकासुर. फोन आला नाही. वाट बघून बघून तिला रडू आलं, आणि त्या रडण्याचा तिला रागही आला. सासूबाईंनी तिला पाणी आणून दिलं आणि त्या पहिल्यांदाच काही मत न देता शेजारी बसून राहिल्या.

कोर्टात सर सरकारी वकिलाच्या शेजारी बसले होते, ताठ, हात गुडघ्यांवर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या बाकावर ड्रायव्हर आणि त्याची बायको, दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून. पलीकडे स्कूटरवाला, कुबडी भिंतीला टेकवून.

शंकासुरने पुठ्ठा काढला तेव्हा सरकारी वकील उभेच राहिले. हा काय पोरखेळ, म्हणाले, न्यायालयात पुठ्ठे नाचवणार? न्यायाधीशांनी हाताने त्यांना बसवलं. तिने पडद्यावर व्हिडिओ लावला, बस झाकली आणि रस्ता दाखवला. पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा म्हातारी तुरुतुरु निघाली तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्यांदा सगळ्यांना कुत्रं दिसलं, आणि टंकलेखकापासून शिपायापर्यंत सगळे हसायला लागले. न्यायाधीशांनी हसू दाबलं, पण चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

मग तिने वीट दाखवली. मोजलेली उंची सांगितली, व्हिडिओतला वेळ सांगितला, आणि न्यायाधीशांकडे वळून शांतपणे म्हणाली, “दोनच शक्यता आहेत. एक तर हा व्हिडिओ दुप्पट वेगाने चालतोय. नाहीतर त्या दिवशी त्या रस्त्यावर पृथ्वीची ओढ चौपट झाली होती, आणि आपल्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.”

सरकारी वकील आता गडबडले. ते सरांकडे वाकले. सर त्यांच्या कानात काहीतरी बोलले, आणि वकील सरळ झाले ते चेहऱ्यावर तेज घेऊनच. मजुराने वीट नुसती सोडली कशावरून, त्यांनी विचारलं. त्याने ती जोर लावून खाली फेकली असेल तर ती लवकरच पडणार. मग तुमचं सगळं गणित कोसळलं की नाही?

वकीलबाईंचा चेहरा उतरला. शंकासुरचा मात्र फुलला. हा प्रश्न वकिलाच्या डोक्यातून येणं शक्यच नव्हतं. हा सरांचा प्रश्न होता, सरांच्या वर्गातला, सगळ्यात वाईट ठिकाणी नेमकं बोट ठेवणारा. कितीतरी वर्षांनी सर तिच्याशी पुन्हा वाद घालत होते. तिने उत्तर दिलं ते वकिलाला नाही, सरांना दिलं. फेकलेली वीट निघतानाच वेगात निघते हे खरं. पण पडताना दर क्षणाला तिचा वेग जेवढा वाढतो, ती वाढ फेकलेल्या आणि सोडलेल्या विटेची एकच असते, कारण हातातून सुटल्यावर ढकलणारं कोणी नसतं, ओढणारी फक्त पृथ्वी. तिने एकूण वेळेवर थांबायचं टाळलं होतं. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात वीट किती सरकली, आणि ते सरकणं किती किती वाढत गेलं, हे तिने मोजलं होतं. ते प्रत्येक विटेत असायला हवं त्याच्या चौपट येत होतं.

सर पुन्हा कुजबुजले. वकिलांनी विचारलं, कॅमेरा खालून तिरका बघतोय, वरची अंतरं चित्रात आखूड दिसतात, त्याचं काय. ती म्हणाली, म्हणूनच प्रत्येक मजल्याची कड आणि प्रत्येक उंबरा वेगळा मोजलाय, आणि तो तक्ता अहवालाच्या शेवटी जोडलाय. वकिलांनी पानं उलटली, तक्ता पाहिला, आणि तिसऱ्यांदा सरांकडे वाकले.

या वेळी सरांनी नकारार्थी मान हलवली. मग ते स्वतः उठले आणि त्यांनी बोलायची परवानगी मागितली.

“माझा अहवाल चुकीचा आहे,” ते म्हणाले. “सेकंदाला पंचवीस चित्रं मी मोजली नाहीत, फाईलवर वाचली. मी मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, मोजल्याशिवाय लिहू नका. या बाईंचा अहवाल आल्यापासून मी तो फोडायचा प्रयत्न करतोय. माझ्याकडे दोनच प्रश्न उरले होते, ते आत्ता संपले. ही माझी विद्यार्थिनी आहे, हे नोंदीत घ्या.”

शंकासुरला काय वाटलं ते काय सांगायचं. फोन का आला नाही ते तिला कळलं. सर रागावून गप्प बसले नव्हते, ते इतके दिवस तिच्याशी झुंजत होते, आणि त्यांनी तिला एक गुणही फुकट दिला नव्हता. अख्ख्या कोर्टासमोर तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. सर खाली बसताना तिच्याकडे बघून हसले, आणि ओठांच्या हालचालीवरून ते कोणत्या नावाने हाक मारताहेत ते तिला इतक्या लांबूनही समजलं.

निकाल पुढच्या तारखेला लागला. ड्रायव्हर निर्दोष सुटला, परवाना परत मिळाला, बस कंपनीने त्याला त्याच मार्गावर पुन्हा घेतलं. पण खरा निकाल त्या दिवशीच लागून गेला होता, तो असा.

न्यायाधीश म्हणाले, तो व्हिडिओ एकदा खऱ्या वेगाने दाखवा. तिने वेग बदलला आणि पुठ्ठा बाजूला ठेवला. पडद्यावर रस्ता सुरू झाला. म्हातारी आता म्हातारीसारखी चालत होती, काठी टेकत, सावकाश. दुकानाची पायरी झाडणारा माणूस कंटाळल्यासारखा झाडू फिरवत होता. कुत्र्याने निवांतपणे कान खाजवला. आणि उजवीकडून बस आली, रोजच्या बससारखी, ज्या बसमध्ये कोणीही आपल्या आईला बसवून देईल. गल्लीतून स्कूटर निघाली. स्कूटरवाल्याचं तोंड मागे वळलेलं होतं, तो मागच्या कोणाशी तरी बोलत होता, हे आता सगळ्यांना स्पष्ट दिसलं. त्याने स्वतःही ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मागच्या बाकावर ड्रायव्हर उभा राहिला होता. कोर्टात असं उभं राहायचं नसतं, पण शिपायाने त्याला खाली बस म्हटलं नाही.

“नाक बघा,” तो म्हणाला. “बसचं नाक खाली गेलं. ब्रेक लागला तिथे. मी ब्रेक मारला होता.”

खरंच, धडक बसायच्या कितीतरी आधी बसचं तोंड जमिनीकडे झुकलं होतं. आधीच्या व्हिडिओत ते पापणी लवायच्या आत होऊन जायचं. ड्रायव्हर बायकोकडे वळला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मग ती उठली, मधली रिकामी जागा ओलांडून त्याच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली, आणि डोळे पुसून पडद्याकडे बघायला लागली. पण तोपर्यंत व्हिडिओ संपला होता.

ड्रायव्हरने न्यायाधीशांना हात जोडले.

“साहेब, परत एकदा दाखवा,” तो म्हणाला. “हिने नीट बघितलं नाही.”

न्यायाधीशांनी शंकासुरकडे बघून मान हलवली, आणि तिने व्हिडिओ पहिल्यापासून लावला.